मैलापाण्याचा कारखाना

ज्या विषयाचे नाव काढताच घरातली मंडळी नाकाला पदर लावतात, त्या विषयावर वसंत व्याख्यानमालेत बोलावे असे आमंत्रण आले तेव्हा आम्हास प्रथम नवल वाटले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गेटसभांत, कामगारांच्या वस्त्यांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा रसायनशास्त्राचा अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे जी माणसे चालवितात त्यांच्या संघटनेचे काम करण्यात आमची पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्यांनी आम्हास जे शिकविले, आणि ते खरे की खोटे हे ताडून पाहण्यासाठी आम्ही जे वाचले, तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका नगरपालिकेत तीन महिने पगार थकले म्हणून संप झाला. नगरपालिका कोणती हे येथे महत्त्वाचे नाही. संपाच्या पहिल्या रात्री आम्ही एकेका खात्याच्या फाटकावर जाऊन काम बंद झाले की नाही ते पाहात होतो. गावाच्या टोकाला, नदीकाठी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र होते. तेथे पोचलो तो आतून यंत्रांची घरघर ऐकू आली. एक जुना ऑपरेटर दंडाला काळी फीत बांधून ब्लोअरपाशी स्टुलावर बसला होता. आम्ही रागावलो. ‘संघटनेचा निर्णय तुम्हांला मान्य नाही काय?’ असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, पगार माझाही थकला आहे. पण ही हवा सकाळपर्यंत बंद राहिली तर टाकीतले जीव गुदमरू लागतील, आणि दोन दिवस राहिली तर मरतील. ते पुन्हा उभे करायला पंधरवडा लागतो, कधी महिना लागतो. तोवर सगळे काळे पाणी खाली जाणार. आणि अण्णा, माझी बहीण खालच्या गावी दिली आहे.’

त्या रात्री आम्हास ह्यातले बहिणीचे तेवढे समजले. टाकीतले जीव कोणते, त्यांना हवा कशासाठी, आणि ते मेले तर खालच्या गावाचे काय बिघडते, हे समजून घेण्यास पुढे बरीच वर्षे लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ऑपरेटरच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे.

नदीचा श्वास

आधी थोडा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याची योजना आखताना दर माणशी दररोज 135 लिटर पाणी धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यापैकी सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, मोरी आणि संडासातून परत बाहेर पडते. ह्यालाच मैलापाणी म्हणावयाचे. ह्याचे हजार भाग केले तर त्यांतले सुमारे 999 भाग निव्वळ पाणीच असते. सगळी भानगड उरलेल्या एका भागाची आहे. त्यात विष्ठा, मूत्र, अन्नाचे कण, साबण, तेल आणि रोगजंतू असतात.

हा एक भाग नदीत गेला म्हणजे काय होते? पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या दृष्टीने ही घाण म्हणजे पंगत होय. ते ती खातात आणि खाताना आपल्यासारखाच श्वास घेतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूतूनच घेतात. हा साठा मोठा नसतो. आपल्याकडच्या साधारण हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याच साठ्यावर मासा जगतो, खेकडा जगतो, पाण्यातला किडा जगतो. हा साठा 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तळमळू लागतात.

मैलापाणी किती प्राणवायू मागते हे मोजण्याचे एक माप आहे. त्याला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. केंद्रातले कामगार ‘बीओडी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम असते. आता गुणाकार करा. एका माणसाचे 108 लिटर आणि लिटरला 250 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 27,000 मिलिग्रॅम किंवा 27 ग्रॅम प्राणवायूची मागणी झाली. नदीच्या एका लिटरात 8 मिलिग्रॅम असेल तर ही मागणी पुरी करण्यास 3,375 लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू खर्ची पडेल. हा एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब. एक लाख वस्तीच्या गावाचा हिशेब रोज 33 कोटी 75 लाख लिटरांवर जातो.

ह्याचा अर्थ नदी तेवढ्याने लगेच मरते असा नव्हे. नदीही श्वास घेते. खडकांवरून उड्या मारताना, वाऱ्याने लाटा उठताना ती हवेतून नवा प्राणवायू ओढून घेते. ‘वाहत्या पाण्याला दोष नाही’ असे आपली आजी म्हणत असे, ते ह्या अर्थाने खरेच होते. गाव दोन हजार वस्तीचे आणि नदी बारमाही असे, तोवर चार कोस खाली जाईतो नदी आपली आपण निवळत असे. परंतु देणे वाढत गेले आणि नदीची मिळकत तेवढीच राहिली, तर सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या कुळाची गत होते. प्राणवायू संपतो. मग हवेवाचून जगणारे दुसऱ्या जातीचे जीव पुढे येतात. ते घाण कुजवितात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. पाणी काळे पडते, बुडबुडे येतात. पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो तो ह्या अवस्थेत.

पुण्याच्या मुठेचेच पाहा. वरचे पाणी धरणात अडविलेले असते आणि तेथून ते शहराला व कालव्याला जाते. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली नदीत तिचे स्वतःचे असे पाणी फारच थोडे उरते. जे वाहताना दिसते त्यात मोठा भाग शहराने वापरून सोडलेल्या पाण्याचा असतो. जिच्याकडे उसने देण्यास पाणीच उरलेले नाही तिच्यापाशी आपण रोज उसने मागतो. म्हणून आपल्या दुष्काळी मुलखात मैलापाण्याचा प्रश्न पाणीदार देशांपेक्षा अधिक कठीण आहे.

दूर नेणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे

ह्या बाबतीत लंडन शहराची हकीकत बोधप्रद आहे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. मग जोसेफ बॅझलजेट ह्या इंजिनिअरने शहराखालून मोठमोठी भुयारी गटारे बांधली आणि सगळी घाण शहराच्या पूर्वेस, बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन नदीत सोडली. शहर सुटले, नदी सुटली नाही. 1878 च्या सप्टेंबरात ‘प्रिन्सेस अॅलिस’ नावाची उतारूंची बोट नेमकी त्या तोंडांजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. ती बुडाली त्याच्या थोडेच आधी तेथे मैलापाणी सोडले गेले होते. पुढे घन गाळ वेगळा काढण्याचे काम सुरू झाले, परंतु लोकसंख्येच्या मानाने ते अपुरे पडले. 1957 मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी थेम्सचा खालचा मोठा भाग जीवशून्य झाल्याचे नमूद केले.

त्यानंतर क्रॉसनेस आणि बेक्टन ह्याच दोन ठिकाणची शुद्धीकरण केंद्रे वाढविण्यात आली. 1974 साली त्या नदीत सामन मासा सापडला. सुमारे दीडशे वर्षांत तो तेथे दिसला नव्हता. नदी तीच, गटारेही बहुतेक तीच; फरक पडला तो गटाराच्या टोकाशी उभ्या असलेल्या कारखान्याने. आपल्याकडच्या पुष्कळ गावांची योजना अजून 1858 च्या लंडनजवळ थांबली आहे. नळ टाकले, गटारे बांधली, आणि घाण वेशीबाहेर गेली की काम झाले अशी आपली समजूत असते. वेशीबाहेर दुसऱ्याचे गाव असते, हे आपल्या नकाशात नसते.

कारखान्यात काय चालते

आम्ही ह्यास मुद्दाम कारखाना म्हणतो. कापडाच्या गिरणीला सुट्टी असते. साखर कारखान्याचा हंगाम संपतो. ह्या कारखान्यात कच्चा माल दिवाळीच्या पहाटेही येतो, आणि त्या दिवशी अभ्यंगस्नानामुळे अंमळ जास्तच येतो. तो नको म्हणून परत पाठविता येत नाही.

प्रथम लागते ती लोखंडी गजांची जाळी. येथे चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, निर्माल्य अडते. ती साफ करणाऱ्या कामगाराला गावाची सगळी गुपिते ठाऊक असतात, असे आमचे लोक थट्टेने म्हणतात. पुढे एका टाकीत पाण्याचा वेग अशा बेताने कमी करतात की वाळू आणि खडी तळाशी बसावी, पण हलकी घाण वाहात पुढे जावी. वाळू वेगळी काढली नाही तर ती पुढच्या पंपांची पाती खाऊन टाकते. मग येते निवळण्याची मोठी टाकी. तेथे पाणी दोनेक तास संथ ठेवतात. जड घाण गाळ होऊन खाली बसते आणि तेलकट तवंग वर येतो. येथवरचे काम गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवून ती निवळू देणाऱ्या कोणत्याही गृहिणीस समजेल.

परंतु पाण्यात विरघळलेली घाण अशी बसत नाही. तिच्यासाठी पुढची टाकी आहे, आणि ह्या कारखान्याचा जीव तेथे आहे. अगदी शब्दशः जीव. ह्या टाकीत तळापासून मोठ्या ब्लोअरने हवा सोडतात. पाणी उकळल्यासारखे खदखदत असते, रंग तपकिरी असतो, आणि चांगल्या चाललेल्या टाकीला घाणेरडा वास येत नाही. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. नदीत घाण खाणारे जे सूक्ष्म जीव आपण वर पाहिले, तेच येथे कोट्यवधींच्या संख्येने दाटीवाटीने राहतात. नदीत जे काम व्हावयास कित्येक मैल आणि कित्येक दिवस लागले असते, ते येथे चार-सहा-आठ तासांत होते. लागणारा प्राणवायू नदीकडून न घेता आपण विजेच्या खर्चाने पुरवितो. मैलापाणी शुद्धीकरणाचे सार एवढेच आहे. घाण खाण्याची पंगत नदीत न वाढता टाकीत वाढावयाची.

पंगत उठली की पाणी दुसऱ्या निवळ टाकीत जाते. खाऊन तृप्त झालेले जीव एकमेकांस चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके बनतात आणि तळाशी बसतात. वर नितळ पाणी राहते. आता ह्या तळच्या गाळाचे काय करावयाचे? त्यातला मोठा भाग पंपाने परत हवेच्या टाकीत सोडतात, कारण हे विरजण आहे. आपण कालच्या दह्यातले चमचाभर राखून आजच्या दुधाला लावतो. विरजण राखलेच नाही तर दुधाचे दही आपोआप चांगले लागेल ह्याचा भरवसा नाही. त्याप्रमाणे कालच्या टाकीतले जीव आजच्या मैलापाण्याला लावावे लागतात. काही नव्या केंद्रांत हवा देणे आणि निवळणे ही दोन्ही कामे एकाच टाकीत पाळीपाळीने करतात, पण विरजणाचा नियम तोच.

हा नियम शोधून काढला मँचेस्टरच्या डेव्हीहल्म येथील केंद्रातल्या दोघांनी, एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट ह्यांनी, 1914 मध्ये. त्यांनी बाटलीत मैलापाणी घेऊन त्यात हवा फुंकली. पहिल्या खेपेस ते पुरते शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे नितळ पाणी ओतून टाकले, तळचा गाळ मात्र राखला आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. असे पुन्हा पुन्हा केले तेव्हा पाच आठवड्यांचे काम काही तासांवर आले. पूर्वी जो गाळ टाकाऊ म्हणून फेकीत असत, तोच कामाचा निघाला. त्यांना ह्या वाटेवर लावणारे गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापनास आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशास शंभर वर्षांपासून परिचित आहे.

शेवटी नितळ पाण्यात क्लोरीन घालून उरलेले रोगजंतू मारतात आणि पाणी नदीत सोडतात. जास्तीचा गाळ हवाबंद टाकीत वीस-तीस दिवस कुजवितात. त्यातून जळणारा मिथेन वायू मिळतो आणि उरलेला गाळ वाळवितात.

आता पहिला हिशेब पुन्हा मांडू. चांगल्या चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत खाली येऊ शकते. एका माणसाच्या 108 लिटरांची मागणी मग 1,080 मिलिग्रॅम होते. नदीच्या 8 मिलिग्रॅमने भागा. उत्तर येते 135 लिटर. आधी ते 3,375 लिटर होते. म्हणजे नदीवरचे ओझे पंचविसाव्या हिश्श्यावर आले. सकाळी नळातून जेवढे पाणी आपण घेतले तेवढ्याच पाण्याचा श्वास आपण नदीकडून घेतो. एवढे कर्ज कोणतीही वाहती नदी फेडू शकते.

केंद्र काय करू शकत नाही

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साध्या केंद्रातून नत्र आणि स्फुरद पुरते निघत नाहीत. शेतात ही खते असतात, तलावातही ती खतेच ठरतात. त्यांवर जलपर्णी आणि हिरवे शेवाळ माजते. शिवाय टाकीतले जीव अन्न पचवितात, विष पचवीत नाहीत. एखाद्या कारखान्याने रात्री गुपचूप आम्ल किंवा धातूंचे पाणी गटारात सोडले, तर टाकीतली सगळी वस्ती सकाळी मेलेली सापडते. दोष मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटरवर येतो. अशी चौकशीची नोटीस घेऊन आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि नदीत स्नान करावयाचे तर मोजमाप आणखी कडक आहे. स्नानयोग्य पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. तेव्हा केंद्रातून आलेले पाणी कितीही नितळ असले तरी नदीत तिचे स्वतःचे थोडे वाहते पाणी राखावेच लागेल. केंद्र नदीला वाचविते. नदीची जागा घेत नाही.

बांधलेले आणि चाललेले

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. केंद्र बांधणे वेगळे आणि केंद्र चालणे वेगळे.

केंद्रीय मंडळाने 2020-21 सालचा देशाचा हिशेब प्रसिद्ध केला. शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी निघते असा अंदाज होता. बांधलेल्या केंद्रांची ताकद 31,841 दशलक्ष लिटर होती. त्यांतली चालू असलेली 26,869. आणि प्रत्यक्षात शुद्धीकरणासाठी केंद्रांत पोचलेले पाणी सुमारे 20,235 दशलक्ष लिटर. हे घागरींत सांगावयाचे तर शंभर घागरी मैलापाण्यामागे 44 घागरींसाठी केंद्रे बांधली, 37 घागरींची चालू राहिली आणि 28 घागरी खरोखर आत गेल्या. उरलेल्या 72 घागरी तशाच नदीनाल्यांत.

बांधलेली आणि वापरलेली ह्यांतले हे अंतर आम्हास सर्वांत बोचते, कारण त्यासाठीचा पैसा लोकांनी दिलेला आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या योजनेसाठी 2016 च्या जानेवारीत जपानच्या साहाय्याचा करार झाला. 990 कोटी 26 लक्ष रुपयांची ही योजना होती. तेव्हा शहरात 477 दशलक्ष लिटरांची केंद्रे होती, त्यांत 11 नव्या केंद्रांनी 396 ची भर घालावयाची होती. अशा योजनांची गरज आहे ह्यात शंका नाही. परंतु कोनशिलेच्या दिवशी जी गर्दी होते तिच्यातले चार लोक जरी पाच वर्षांनी तेथे जाऊन ब्लोअर चालू आहे का एवढे विचारतील, तर नदीचे अधिक कल्याण होईल.

केंद्र बंद का पडते? कारणे साधी असतात. गटारे केंद्राला जोडलेलीच नसतात आणि नाला परस्पर नदीला मिळतो. पावसाळ्यात गच्च्यांचे पाणी मैल्याच्या नळात सोडल्याने टाकीतले विरजण धुऊन जाते. वीज जाते आणि जनित्राला डिझेल नसते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे विजेचे बिल. अशा केंद्रांत निम्म्याहून अधिक वीज हवा देण्यातच खर्च होते. आमच्या माहितीतल्या एका गावी केंद्र ठेक्याने दिले गेले. ठेकेदाराने दिवसा साहेब येण्याच्या वेळी ब्लोअर चालवावा आणि रात्री बंद ठेवावा असा क्रम लावला. कामगारांनी तक्रार केली तेव्हा त्यांनाच कमी केले. संपाच्या रात्री जो कामगार पगार नसताना हवा बंद करीत नव्हता त्याच्या जागी, पगार मिळत असताना हवा बंद करावी लागणारा कामगार आला. ह्यात कामगार बिघडला असे आम्ही मानीत नाही.

मासा आणि माणूस

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. केंद्रापर्यंत मैलापाणी नेणारी गटारे तुंबतात, आणि ती मोकळी करण्यास माणूस चेंबरात उतरविला जातो.

काळ्या पडलेल्या नदीत जे घडते तेच बंद गटारात घडते. प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर त्याचा वास येतो. फार झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. ‘वास गेला, आता उतर’ असे ज्याला सांगितले जाते त्याला नेमक्या सर्वांत धोक्याच्या घटकेला खाली पाठविले जात असते. पहिला पडला की त्याला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. नदीतला मासा आणि चेंबरातला माणूस एकाच कारणाने गुदमरतात. फरक इतकाच की माशाला कोणी खाली उतरविलेले नसते.

2013 च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणसास गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा गुन्हा ठरला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी 10 लक्ष रुपये भरपाई ठरविली आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती 30 लक्ष केली. कायदा झाला हे चांगले झाले. परंतु चेंबरपाशी न्यायाधीश उभा नसतो. मुकादम उभा असतो आणि शेजारच्या गच्चीवरून आपण पाहात असतो. आपल्या सोसायटीचा टँक उपसताना यंत्राची गाडी बोलाविली की दोन माणसे बोलाविली, हे विचारणे आपल्या हाती आहे.

आपण काय करावे

नागरिकांकडून आमच्या मागण्या थोड्या आहेत. स्वयंपाकाचे उरलेले तेल, रंग, आम्ल, कपड्याचे तुकडे मोरीत टाकू नयेत. गच्चीचे पावसाचे पाणी मैल्याच्या नळाला जोडू नये. ज्या गावात केंद्र आहे तेथील लोकांनी नगरपालिकेकडे चार आकडे दरमहा जाहीर फळ्यावर लिहून मागावेत. गावातून रोज किती मैलापाणी निघते, केंद्रात किती आले, आत येताना आणि बाहेर पडताना त्याची बीओडी किती होती, आणि ब्लोअर किती तास चालले. हे समजण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. किराणा दुकानाची वही समजणाऱ्यास हे समजते. शाळेच्या सहली किल्ल्यांवर जातात, तशी एखादी ह्या कारखान्यातही जावी.

राहिली त्या संपाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत आम्ही आमची चूक कबूल केली आणि ठरावात दुरुस्ती केली. संप चालू राहील, परंतु ब्लोअरपाशी आणि पंपापाशी पाळीपाळीने माणसे काळी फीत लावून काम करतील. काहींनी आम्हास नरम म्हटले. अकराव्या दिवशी पगार मिळाले. त्या अकरा दिवसांत केंद्र एक तासही बंद पडले नाही आणि खालच्या गावच्या लोकांस ह्यातले काहीच कळले नाही. हे काम चांगले झाले म्हणजे कोणास काही कळतच नाही. ह्या कामाची अडचणही तीच आहे.

पुण्याचे पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर त्या जलाशयाचे पाणी पिते. जलाशयाखाली तीच नदी पंढरपुरास पोचते आणि तेथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. वरच्या गावात मोरीची तोटी सोडणारा आणि खालच्या वाळवंटात स्नानास उतरणारा पुष्कळदा एकाच घरातला असतो. त्या ऑपरेटरची एक बहीण खाली दिली होती. आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी नदीच्या खालच्या अंगाला राहते, एवढे ध्यानात ठेवून आपल्या गावच्या ह्या कारखान्याकडे एकदा जाऊन यावे, ही विनंती.